न दुखणाऱ्या पावलाची काळजी

मधुमेहाचे निदान झाले की मनुष्य प्रथम आपल्या ताटाकडे पाहतो. चहातील साखर सुटते, भात निम्म्यावर येतो आणि आंबा खावा की न खावा यावर घरात वाद होतो. पावलांकडे मात्र कोणाचेच लक्ष जात नाही, कारण ती दुखत नसतात. वस्तुतः भीती बाळगावयाची ती याच न दुखण्याची.

प्रौढ वयात जडणारा मधुमेह निदानापूर्वी कित्येक वर्षे शरीरात मुकाट्याने वास करीत असतो. तो नवा असतो तो केवळ कागदावर. रक्तातील वाढलेल्या साखरेने मज्जातंतूंना इजा होते, आणि जे तंतू सर्वांत लांब, म्हणजे पावलांपर्यंत पोहोचणारे, त्यांना ती आधी होते. कोणाला मुंग्या येतात, कोणाच्या तळव्यांची आग होते. पुष्कळांना काहीच जाणवत नाही. त्यातच पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असल्या तर जखम भरून येण्यास लागणारे रक्तही पुरेसे पोहोचत नाही. अशा पायात वहाणेतला खडा दिवसभर रुतून बसतो, फोड फुटतो, जंतू शिरतात आणि अखेरीस बोट किंवा पाय कापण्याची पाळी येते.

या गोष्टीचा उलगडा होण्यास मधुमेहाहून निराळा रोग कारणी लागला. डॉ. पॉल ब्रँड हे १९४६ मध्ये वेल्लोर येथे आले आणि पुढे तेथे कुष्ठरोग्यांवर शस्त्रक्रिया करू लागले. रोग्यांची बोटे झडतात ती रोगाने मांस सडल्यामुळे, असा त्या काळी सार्वत्रिक समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिले की, वेदना हरपल्यामुळे रोगी नकळत स्वतःस इजा करून घेतो, आणि बहुतांश हानी त्या इजांनी होते. मऊ सच्छिद्र रबराच्या वहाणांनी तळव्यावरील दाब पसरविला की जखमा टळतात, हेही तेथे अनुभवास आले. १९६६ मध्ये ते अमेरिकेतील कारव्हिल येथे गेले, आणि हेच ज्ञान पुढे मधुमेह्यांच्या पावलांस लागू पडले. कुष्ठरोग्याच्या वहाणेने मधुमेह्याचा पाय वाचवावा, ही वैद्यकाच्या इतिहासातील लहानशी पण मोठी बोलकी घटना होय.

आता चंडीगडकडे वळू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या पाहणीचा जो वृत्तांत २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यात देशातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण शेकडा ११.४, तर चंडीगडमध्ये शेकडा २०.४ दिले आहे. म्हणजे पाचांत एक. निदान झालेल्या माणसास वैद्य चालावयास सांगतात, आणि १९५८ मध्ये निर्माण केलेल्या सुखना तलावाचा काठ त्यासाठी उत्तमच आहे. परंतु कोणाच्या तरी सांगण्यावरून पहाटेच्या दवात अनवाणी फिरणे मधुमेह्याने सोडावे. जून महिन्यात गुरुद्वाराच्या अथवा मंदिराच्या तापलेल्या फरशीवर बधिर तळवा भाजतो आणि ते घरी आल्यावरही कळत नाही. दर्शनास उजाडताच जावे आणि परतल्यावर तळवे पाहावेत. जानेवारीच्या थंडीत शेगडीपुढे पाय धरणे किंवा गरम पाण्याची पिशवी अंथरुणात घेणे तितकेच घातक. महाराष्ट्रातील वाचकांनी नवरात्रातील अनवाणी व्रताचा आणि मीठ घातलेल्या कढत पाण्यात पाय बुडविण्याच्या घरगुती उपायाचा विचार याच दृष्टीने करावा. श्रद्धेला यात बाध येतो असे मानण्याचे कारण नाही.

पाय बधिर झाला आहे की नाही हे पाहणे अवघड नाही. दवाखान्यात नायलॉनचा एक तंतू तळव्यास टेकवितात. दहा ग्रॅम दाबास तो वाकतो, आणि तो स्पर्श रोग्याने डोळे मिटून ओळखावयाचा असतो. घरी त्याहून सोपी रीत आहे. ती इंग्लंडमधील इप्स्विच येथील वैद्यांनी रूढ केली. रोग्याने डोळे मिटावेत आणि दुसऱ्याने त्याच्या दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट व करंगळी यांच्या टोकांना आपल्या बोटाने क्षणभर हलकेच स्पर्श करावा. सहांपैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर वैद्यास दाखवावे. एवढ्या अल्प श्रमाची तपासणी निदानाच्या पहिल्याच दिवशी न होणे हे समर्थनीय नाही. रोग्याचे जोडे न काढविता लिहिलेला मधुमेहाचा कागद अपुराच समजला पाहिजे, आणि रोग्यानेही संकोच न धरता स्वतःच जोडे काढून बसावे.

उरलेली काळजी नित्याची आहे. पाय कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, नाहीतर चिखल्या होतात. भेगांना तेल किंवा मलम लावावे, बेचक्यांत लावू नये. कुरूप घरी ब्लेडने कापू नये, त्यावर जाळणारे औषधही लावू नये. जोडा घालण्यापूर्वी त्यात हात घालून पाहावा. नवा जोडा सायंकाळी, पाय किंचित सुजलेले असताना घ्यावा. बधिर पायाला घट्ट जोडाच बरा वाटतो, म्हणून मापाचा निर्णय पायावर सोपवू नये. तळवा दिसत नसल्यास आरसा जमिनीवर ठेवावा किंवा घरातील कोणास पाहावयास सांगावे.

स्पर्शज्ञान व रक्तपुरवठा शाबूत असल्यास वैद्याकडून वर्षातून एकदा पाय तपासून घेणे पुरे. ते कमी झाले असल्यास वैद्य सांगेल त्याप्रमाणे तीन-सहा महिन्यांनी. फोड, जखम, सूज वा रंगबदल दिसल्यास मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा, मग ते दुखत असो वा नसो.