उन्हाळी सहल : समुद्र आणि जुने गोवे

उन्हाळ्याच्या सुटीत काही दिवस समुद्रकाठच्या गावी घालवावे आणि त्याच प्रवासात युरोपातील एखादे पुरातन शहर पाहून यावे, असा बेत हल्ली सधन लोक करितात. बीड जिल्ह्यातील विद्यार्थ्याला हे ऐकून हसू आले तर नवल नाही. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. १९४८ पर्यंत आम्ही ज्या हैदराबाद संस्थानात होतो, त्यालाही समुद्र नव्हता. आणि ही उणीव भरून काढण्यासाठी १९४७ च्या सुमारास त्या संस्थानाने पोर्तुगिजांकडून मार्मागोवा बंदर मिळविण्याची खटपट करून पाहिली होती. संस्थानाला जे साधले नाही ते शाळेच्या सहलीला साधण्यासारखे आहे. मालवण, वेंगुर्ले, शिरोडे ही समुद्रतीरावरील गावे आणि त्यांच्या पुढे पणजी व जुने गोवे, एवढा बेत केला म्हणजे पारपत्रावाचून दोन्ही हौसा पुऱ्या होतात. परंतु ही सहल मे महिन्यात काढावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे; आणि ते केवळ हवापाण्याचा विचार करून नव्हे.

शाळांच्या सहली बहुधा डिसेंबरात निघतात. हवा थंड असते, परीक्षा दूर असते, सर्व खरे. परंतु त्या वेळी आपल्या वर्गातील कित्येक बाके रिकामी असतात, हे आपण विसरतो. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे ट्रक-ट्रॅक्टरांत संसार भरून ऊसतोडीला जातात व हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलात परततात. त्यांची मुले काही बरोबर जातात, काही आजीपाशी किंवा वसतिगृहात राहतात. जी मागे राहतात त्यांच्याजवळ सहलीची वर्गणी मागावी, तर ती देणारे आईबाप गावात नाहीत. ही मुले प्रवास करीत नाहीत असे कोण म्हणेल? सांगली, कोल्हापूर, बेळगाव हे जिल्हे त्यांनी आपल्यापेक्षा अधिक पाहिले आहेत. मात्र उसाच्या फडातून पाहिले आहेत. कोल्हापूरच्या पश्चिमेचा एक घाट उतरला की कोकण लागते. त्या घाटाच्या अलीकडे ज्याने तीन-तीन हिवाळे काढले, त्याने समुद्र पाहिलेला नाही, आणि आपण डिसेंबरात सहल काढून त्याला पुन्हा वगळतो. हे मला योग्य वाटत नाही.

मे महिन्याविरुद्ध पहिला आक्षेप उन्हाचा येईल. समुद्रकाठी पारा आपल्या इतका चढत नाही. पण घाम पुष्कळ येतो, हे आधीच सांगितलेले बरे, नाहीतर मुले थंड हवेच्या आशेने जातील व निराश होतील. दुसरी अडचण पावसाची. जूनच्या आरंभी कोकणात पाऊस येतो, आणि समुद्र खवळू लागताच सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद होतात. यास्तव मे महिन्याचा पहिला पंधरवडाच काय तो आपला. शिक्षकांच्या सुटीतील आठ दिवस जातील आणि एखादे लग्न चुकेल. चुको बापडे!

मार्ग सरळ आहे. सोलापूर, मिरज यांवरून कोल्हापुरास मुक्काम, फोंडा घाट उतरून कणकवली, तेथून मालवण. मालवणास दोन दिवस तरी राहावे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली आरंभिलेल्या सिंधुदुर्गाच्या आत, चोहोंकडे खारे पाणी असता, दूधबाव, दहीबाव व साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. ज्याच्या गावी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्या मुलाला ही गोष्ट तटबंदीहून अधिक नवलाची वाटेल. आपल्या मुलांना पोहता येत नाही. म्हणून गुडघ्यापलीकडे पाण्यात जाऊ नये, व तेथील कोळी नको म्हणाले तर तेवढेही नको. पुढे शिरोडे. या गावच्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ पर्यंत शिकवीत होते, आणि येथेच १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला. मिठागराच्या काठी उभे राहून तो धडा वाचला तर पुस्तकात वाचल्याहून निराळा लागेल.

तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. १५१० साली आल्बुकर्कने जिंकलेले जुने गोवे इतके वैभवास चढले की, गोवा पाहिलेल्याने लिस्बन पाहावयास नको, अशी पोर्तुगिजांत म्हणच पडली. पुढे साथींनी ते ओस पडत गेले आणि १८४३ साली राजधानीचा मान पणजीला मिळाला. आज तेथे मोठमोठी देवालये आहेत, पण शहर नाही. संत ऑगस्टिनच्या मठाचा एक भग्न मनोरा उभा आहे; त्याची घंटा पणजीच्या चर्चमध्ये वाजते. बॉम जेझूच्या देवालयात संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह ठेविला आहे. त्याची दर्शनी भिंत पाहावी : घडण युरोपाची, दगड कोकणातला जांभा. जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवीत. म्हणून याला युरोपातील शहर म्हणावे की आपले, हा वाद मुलांनी तेथेच उभे राहून घालावा.

मिशनच्या शाळेने तेथे दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. एक, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मोपदेशकाने याच भूमीत मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचिले व ते १६१६ साली छापले गेले. दुसरी, याच नगरात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन होते आणि मधला थोडा काळ सोडता ते १८१२ पर्यंत चालले. धर्माच्या नावाने माणसांना तेथे यातना झाल्या. पहिली सांगून दुसरी झाकावी, हे आपल्याला शोभणार नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. वर्गणी जूनपासून दरमहा थोडी थोडी घ्यावी. जे हंगामाला जातील त्यांनी परत आल्यावर द्यावी, आणि ज्यांना परवडते त्यांनी थोडी अधिक घालावी. एस. टी. शालेय सहलींना भाड्यात सवलत देते. सुटीच्या दिवसांत ती लागू पडते की नाही, हे आगारात आधी विचारून ठेवावे. मात्र सहलीचा निर्णय शाळेने दसऱ्यापूर्वी घेतला पाहिजे. एकदा गाड्या फडाकडे निघाल्या, म्हणजे ज्या पालकांची संमती सर्वांत आधी हवी, तेच आपल्याला गावात सापडणार नाहीत.