तपासणी फुकट, पण रोज बुडतो

शाळेच्या व्हरांड्यात एक टेबल, आडोशाला खिडकीच्या गजाला बांधलेली चादर, बाहेर फलकावर पुढाऱ्यांचे फोटो. मोफत आरोग्य तपासणीचं शिबिर गावोगाव असंच भरतं. संध्याकाळी नोंदवहीची निम्मी पानं कोरी राहतात आणि ठरलेला शेरा ऐकू येतो : बायकांना आपल्या तब्येतीची काळजीच नाही. यंदाचा अंक वाचकांच्या हाती देताना या शेऱ्याशी आम्हाला भांडायचं आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी झालेल्या अवघ्या १.९ टक्के निघाल्या. पण त्याच्या वीसेक वर्षं आधी, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय यांच्या अभ्यासात बोलावलेल्या दहा बायकांमागे जवळपास आठ तपासणीला आल्या होत्या. बायका अशाच दुष्काळी मुलखातल्या, शेतात राबणाऱ्या. पण त्यांना बोलवायला बाई घरी गेली होती, तपासायला प्रशिक्षित नर्स होती, आणि काही निघालंच तर पुढचे उपचार बार्शीत ठरलेले होते. त्यातल्या ज्या गटाची एचपीव्ही विषाणूसाठी चाचणी झाली, त्यात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले; २००९ साली ते जगापुढे मांडलं गेलं.

शिबिर फुकट असतं, दिवस फुकट नसतो. ऐन सोयाबीनच्या काढणीत सकाळी दहाची वेळ दिली, की रोज बुडतो. सासूला काय सांगायचं, पुरुष डॉक्टरसमोर कसं जायचं, रांगेत उभं पाहून शेजारीण काय म्हणेल, हे वेगळंच. रक्त दिलं त्याचा रिपोर्ट आलाच नाही, असा एक अनुभव आला की पुढच्या वर्षी आशाताईंनी कितीही विनवलं तरी पाऊल उचलत नाही. दुखणं अंगावर काढलेलं परवडतं.

त्यातही एक भीती फार खोल आहे. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ज्या वस्तीत ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला इतक्या सहज मिळाला, तिथली बाई तपासणीच्या टेबलापासून लांब राहिली तर तिला अडाणी कोण म्हणणार? तिने जे पाहिलं, त्यावरून तिने काढलेला तो हिशेब आहे. तो बदलायचा तर आधी तिला खात्री हवी, की इथे विनाकारण कुणी कापणार नाही.

हा अंक हाती येईल तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघालेल्या असतील. जानेवारीत त्यांच्या गावात शिबिर भरवून कुणाला तपासणार? नर्सताईंनी फडावरच्या कोप्यांपर्यंत जायला हवं, तेही संध्याकाळी, मोळ्या भरून झाल्यावर. आणि रिपोर्ट बाईच्या हातात पडायला हवा, मग ती कोणत्याही जिल्ह्यात असो.