टाप्याला टापाच म्हणा



अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या एलियाहू हन्नाबीच्या टाप्याविषयी परदेशातल्या आपल्या घरांतून हल्ली दोन गोष्टी ऐकू येतात. मोठी माणसं म्हणतात, "आता ते पुरातत्त्वानं सिद्ध झालंय." मुलं म्हणतात, "एलायजा रॉक." इथं शॉमबर्गमध्ये बसून आम्ही दोन्हींना नाही म्हणतो.

आधी पुरातत्त्व. यरुशलेमच्या शिलोआह तळ्याचं बघा. २००४ साली गटाराच्या दुरुस्तीत दगडी पायऱ्या लागल्या आणि रॉनी राइक व एली शुक्रॉन यांनी खोदकाम केलं. गिलाव्यात अलेक्झांडर यन्नाईची नाणी निघाली, म्हणून काळ ठरवता आला. ख्रिस्ती लोकांच्या शुभवर्तमानात याच तळ्यात धुऊन आंधळ्याला दिसू लागलं. खोदकामानं तळं दाखवलं. दृष्टी आली की नाही, हे कुठलंही नाणं सांगत नाही. तळ्याला पाणी आणणारा ५३३ मीटरचा बोगदा हिज्कीया राजाचा म्हणतात. १८८० साली त्यात सापडलेल्या लेखात मात्र कुठल्याच राजाचं नाव नाही. राजा ठरला तो पवित्र शास्त्र आणि काळाची तपासणी यांचा मेळ घालून.

मग आपल्या खडकाचं काय? राजांच्या दुसऱ्या पुस्तकात अग्निरथ आहे, खंडाळं नाही. खडकावरच्या खुणेवरून तिथं कोण येऊन गेलं, ते फावडं सांगू शकत नाही. वॉर्डात आम्ही रोग्याची तक्रार एका ठिकाणी लिहायचो आणि रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्या ठिकाणी. दोन्ही लागतात, पण एकाच्या जागी दुसरं लिहिलं तर रोगी दगावतो.

आपल्याला पुराव्याची एवढी घाई का, हे आम्ही जाणतो. इस्राएलात आपल्याला लग्नासाठी वंशाचे दाखले मागितले. आपल्या लोकांनी धरणं धरलं, तेव्हा १९६४ साली क्नेसेटमध्ये आपण सर्व बाबतींत यहुदी असल्याचं मान्य झालं. ती लढाई आपण खडक दाखवून जिंकलेली नाही. मग आज त्या खडकाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात का उभं करायचं?

आता नाव. टाप म्हणजे घोड्याचा खूर. हन्नाबी हिब्रू, टापा मराठी. शनिवार पाळणाऱ्या तेल्यांनी संदेष्ट्याला आपल्या बोलीत आणि आपल्या डोंगरात बोलावलं, ही खरी नोंद त्या नावातच आहे. 'एलायजा रॉक' म्हटलं की घोडा गेला, कोकण गेलं, आजी गेली. उरला नुसता दगड.

आणि नवस. आजाऱ्यासाठी टाप्याला नवस बोलतात, बरं वाटलं की मलिदा करतात. त्यावर हसणाऱ्यांना आमचं एवढंच सांगणं: पोहे, गूळ, ओल्या खोबऱ्यानं कुणाला अपाय झालेला नाही. मात्र नवस बोलून औषध बंद करणाऱ्याला आम्ही रागावणारच.

तुमच्या घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर या शब्बाथनंतर फोन लावा. टाप्याला कुणासाठी नवस बोलला होता, कधी फेडला, कोण कोण बरोबर गेलं होतं, सगळं लिहून ठेवा, त्यांच्याच शब्दांत. आपल्या टाप्याचं उत्खनन हेच, आणि त्याला वेळ फार थोडा उरला आहे.