बाही लांब आहे, त्याला मी काय करू?

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नासाठी कपडे घ्यायला आम्ही मायलेकी रामआळीत गेलो होतो. एका दुकानात मोरपंखी रंगाचा छान ड्रेस दिसला. छातीचं माप बरोब्बर माझं. घालून बाहेर आले, तर बाही बोटांच्या टोकांपर्यंत, कमरेची शिवण कमरेखाली चांगली चार बोटं, आणि गळा इतका खोल की ओढणी दोन्ही हातांनी धरूनच आरशासमोर उभी राहिले. दुकानातली मुलगी भली होती. ती म्हणाली, "काकू, तुमच्या उंचीचं इथे नाही मिळायचं. वरच्या मजल्यावर लहान मुलींच्यात बघता का?"

माझी उंची चार फूट दहा इंच. वय छत्तीस. लहान मुलींच्या कपड्यांत झालरी, चमक्या आणि फुलपाखरं. शिवाय त्यात माझी बाही मावेल, पण दोन बाळंतपणं झालेली कंबर कशी मावायची? मी नेहमीसारखी हसले आणि म्हणाले, "आमची उंचीच मेली फुटकी, त्याला कपडा तरी काय करणार!" आणि रिकाम्या हातांनी घरी आलो.

रात्री भांडी आवरताना लेक ओट्याशी येऊन उभी राहिली. ती तेरा वर्षांची आहे, आणि गेलं वर्षभर तिची उंची माझ्याएवढीच आहे. म्हणाली, "आई, मीपण एवढीच राहणार का गं?"

"राहिलीस तर राहिलीस. त्यात एवढं तोंड पाडण्यासारखं काय आहे?"

"तूच तर सगळ्यांना सांगतेस, उंची फुटकी म्हणून."

खरं सांगते, माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. ज्या वाक्यावर मी वर्षानुवर्षं दुकानांत, लग्नांत, शाळेच्या शिक्षकखोलीत सगळ्यांना हसवलं, ते पोरगी मुकाट्यानं ऐकत होती आणि स्वतःला लावून घेत होती. म्हणून या खेपेला पापड-लोणच्यांचा विषय बाजूला ठेवून मापाविषयी लिहायचं ठरवलं.

आधी एक हिशेब बघा. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या बायकांची उंची मोजली होती. सरासरी निघाली साधारण १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटांच्या आत-बाहेर. शंभरातल्या अकरा जणी तर १४५ सेंटिमीटरपेक्षाही, म्हणजे पावणेपाच फुटांपेक्षाही ठेंगण्या होत्या. आणि अमेरिकेत ज्या कपड्यांवर 'पेटीट', म्हणजे लहान चणीच्या बायकांसाठी, अशी चिठ्ठी असते, ते साधारण पाच फूट चार इंचांपर्यंतच्या बाईसाठी असतात. म्हणजे त्यांच्या हिशेबानं आपल्याकडची सरासरी बाई लहान चणीचीच ठरते! मग दुकानातल्या रांगेत आपल्यासाठी एक कोपरासुद्धा नसावा, हे नवल नाही का?

याचं कारण त्या छोट्याशा चिठ्ठीत आहे. तयार कुडत्यावर ३६, ३८, ४० असे आकडे असतात. तो आकडा छातीचा. उंचीचा त्यात पत्ताच नसतो. छाती वाढली की खांदा, बाही, गळ्याची खोली सगळं थोडंथोडं वाढवत जायचं, अशी कापणीची रीत आहे. म्हणजे अंगानं भरलेली पण बुटकी बाई जेव्हा ४० नंबरचा कुडता उचलते, तेव्हा तिला तिच्याहून वीतभर उंच बाईचा खांदा आणि बाही मिळते. आणि शिडशिडीत असेल तर ३४ चा मागावा लागतो, तो बऱ्याच दुकानांत ठेवतच नाहीत.

हे दुखणं आपलं एकटीचं नाही, बरं का. अमेरिकेत टपालानं कपडे मागवायची पद्धत होती, आणि अंगाला न बसलेल्या कपड्यांची गाठोडी परत येत. अगदी आपल्या मोबाईलवरच्या खरेदीसारखंच! म्हणून १९३९-४० मध्ये तिथल्या सरकारनं सुमारे १५,००० बायकांची मापं घेतली, एकेकीची पन्नासहून जास्त. त्यातही हिशेबात फक्त गोऱ्या बायकाच धरल्या, ही त्यातली खोट. पण कपडा नीट बसायला छाती-कमरेच्या जोडीला उंचीही बघायला हवी, हे त्यातून दिसलं. त्याच दशकात न्यूयॉर्कच्या हॅना ट्रॉय या बाईंनी खांद्यापासून कमरेपर्यंत आखूड असलेल्या बायकांसाठी वेगळे कपडे काढले. आपल्याकडे निफ्ट या वस्त्रशिक्षण देणाऱ्या सरकारी संस्थेनं मुंबईसह सहा मोठ्या शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५,००० स्त्रीपुरुषांची मापं घेण्याचं काम हाती घेतलं. चांगलंच झालं. पण सरकारी आकडे दुकानाच्या फळीवर येईपर्यंत आपल्याला रोज अंगावर काहीतरी घालायचंच आहे ना!

तेव्हा आता आपल्या हातात काय आहे ते बघू.

पहिलं काम म्हणजे आपलं माप आपण घ्यायचं. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. छाती, कंबर आणि सीट तर घ्याच, पण आपल्याला खरी अडचण येते ती उभ्या मापांची. ती अशी घ्या. कमरेला एक नाडी सैलसर बांधा आणि दोन्ही बाजूंना थोडं वाका. नाडी जिथे जाऊन बसेल ती तुमची खरी कंबर. आता मानेजवळच्या खांद्यापासून छातीच्या उंचवट्यापर्यंत, मग तिथूनच कमरेच्या नाडीपर्यंत, नाडीपासून गुडघ्यापर्यंत आणि घोट्यापर्यंत मोजा. एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत पाठीवरून मोजा. बाहीचं माप हात कोपरात किंचित वाकवून घ्या. माप नेहमी दुसरीकडून घ्यावं, स्वतःचं घेताना आपण पोट आत ओढतो! आणि रोज जे आतले कपडे घालता, ते घालूनच घ्यावं.

दुसरं, तयार कपडा घेताना आधी खांदा बघा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसली पाहिजे. लांबी कमी करणं सोपं, बाही आखूड करणं त्याहून सोपं. पण खांदा उतरत असेल तर मुंढा उसवून बाही पुन्हा लावावी लागते. तेवढी शिलाई देण्यापेक्षा तो कपडा तिथेच ठेवावा.

कमरेला शिवण असलेला ड्रेस फार खाली बसत असेल, तर खालून कापून उपयोग नसतो. तो वरून उचलावा लागतो. खांद्याच्या शिवणीत अर्धा ते पाऊण इंच दाबून घेतला की कमरेची शिवण वर येते, आणि खोल गळाही आपोआप वर येतो. त्यानं मुंढा थोडा आवळतो, म्हणून आधी कच्चे टाके घालून, अंगात घालून, हात वर करून बघा. फळ्यावर उंच लिहिणाऱ्या आम्हा बाईलोकांना तर ही परीक्षा घ्यावीच लागते.

कुडता खालून आखूड करताना बाजूच्या कटांकडे लक्ष असू द्या. खालून चार इंच गेले की कट तेवढेच आखूड होतात आणि चालताना अडखळायला होतं. कट वरपर्यंत उसवायला सांगा. खाली काठ असेल तर तो कापू देऊ नका, सोडवून वर लावता येतो. चुडीदाराची लांबी खालून कापली तर मोहरी रुंद होते. ती वर नेफ्याकडून कमी करावी, पण आसन तेवढं राहतंय ना ते पाहून. सरळ पँट असेल तर खालूनच.

आणि एक, सुती कपडा धुतल्याशिवाय आखूड करू नका. आमच्याकडे पावसाळ्यात वाळवणाची पंचाईत, म्हणून मी एकदा न धुताच शिलाईला दिला. पहिल्या धुण्यात तो इतका आटला की लेकीला झाला! कापण्याआधी दुमडून बघा, आणि आत दोन बोटं माया ठेवायला सांगा. शिवणीतल्या या जादा कापडाला माया म्हणतात, ते काही उगाच नाही. पुढे मागे तीच उपयोगी पडते.

लांबीचा प्रश्न नुसता दिसण्याचा नाही, हेही सांगते. शाळेत अर्धवेळ शिकवायला लागले, त्या पहिल्या पावसाळ्यात माझी सलवार दोन इंच लांब होती. टाचणी लावून वेळ मारून नेत होते. एका सकाळी ओल्या जिन्यावर टाचणी निघाली, पाय कापडावर पडला आणि चार पायऱ्या घसरले. नशिबानं नुसतं खरचटलं. वर पाचवीतला एक मुलगा वह्या गोळा करून देताना विचारतो, "बाई, हा तुमच्या ताईचा ड्रेस आहे का?" त्या दिवशी संध्याकाळी पहिल्यांदा मशीनवरचं फडकं काढलं. टाचणी म्हणजे उपाय नव्हे, मैत्रिणींनो. घरातल्या सगळ्या लांब सलवारी एका रविवारी बसून दुमडून टाका.

आता साडी. आमच्या आजेसासूबाई माझ्याहूनही बुटक्या होत्या असं सांगतात. त्यांचं लुगडं ट्रंकेत आहे. नऊ वारांचं तेच कापड उंच जावेनंही नेसावं आणि बुटक्या जावेनंही, खोचण्या-ओढण्यात ज्याचं त्याचं माप साधायचं. चिठ्ठीवर नंबर नव्हता, म्हणून कुणी कमी-जास्तही ठरत नव्हतं. पाचवारीत मात्र गणित थोडं बिघडतं. साडीचा पन्हा साधारण ४५ ते ४७ इंच. माझ्या कमरेपासून जमिनीपर्यंत भरतात ३५. उरलेले दहा-बारा इंच परकरात कोंबले की पोटावर बोचकं दिसतं. त्यावर उपाय असा, की नेसण्याआधी साडीची वरची कड निऱ्यांच्या भागापर्यंत पाचेक इंच आत दुमडून इस्त्री फिरवावी, हवा तर धावदोरा घालावा. पदराच्या बाजूला दुमडू नये. मग खोचायला थोडंच उरतं आणि निऱ्या सपाट बसतात. चपला घालून नेसावं, आणि परकराची नाडी खऱ्या कमरेवर बांधावी.

"बुटक्या बाईनं मोठे काठ नेसू नयेत, आडव्या रेघा घालू नयेत" हा उपदेश मीही पुष्कळ ऐकलाय. उभ्या रेघांनी आणि एकाच रंगानं उंची थोडी जास्त वाटते, हे खरं. पण प्रत्येक वेळी उंच दिसायलाच हवं, असं कुणी ठरवलं? माझ्या लग्नातली पैठणी वीतभर काठांची आहे. ती मी नेसते आणि नेसणार.

ब्लाऊज शिवायला देताना जुना मापाचा ब्लाऊज देऊन मोकळं होऊ नका. तो सहा वर्षांत उसवून, दाबून आपल्यासारखाच बदललेला असतो. वहीतली मापं कागदावर लिहून द्या, आणि टक्सचं टोक कुठे यायला हवं ते खांद्यापासूनच्या मापानं सांगा. बहुतेक ठेंगण्या बायकांचा ब्लाऊज तिथेच बिघडतो. आमच्या शिवणाऱ्या काकी आधी जरा घुश्शात होत्या, "आता तुम्ही आम्हाला शिकवणार का?" पण दोन ब्लाऊज न उसवता बसल्यावर आता स्वतःच विचारतात, "वहिनी, चिठ्ठी आणलीत ना?"

तर पुढे काय झालं? रविवारी दुपारी मी आणि लेकीनं दार लावून एकमेकींची मापं घेतली. वहीत दोन रकाने पाडले, एक आईचा, एक तिचा. माझी खांद्यापासून कमरेपर्यंतची लांबी तयार कपड्यापेक्षा दोन इंच कमी निघाली. लेक टेप धरून बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे त्या ड्रेसचीच कंबर चुकीच्या जागी होती!"

दुसऱ्या दिवशी तोच मोरपंखी ड्रेस आणला. खांदा बसत होताच. वरून पाऊण इंच दाबला, बाही तीन इंच आत घेतली, गळ्याला आतून एक पट्टी लावली. दोन संध्याकाळी गेल्या. लग्नात मी ओढणी एकाच खांद्यावर टाकून जेवणाच्या पंगतीत वाढत होते. दोन्ही हात मोकळे होते, याचंच मला अप्रूप.

लेक किती उंच होईल ते देव जाणे. दिवाळीच्या सुट्टीत तिचा रकाना पुन्हा भरायचा आहे. तुमच्याही घरात टेप असेलच. या रविवारी काढा, वाढत्या मुलीला हाताशी घ्या आणि मापं लिहा. तेवढा वेळ 'बुटकी' आणि 'जाडी' हे दोन शब्द दाराबाहेर ठेवा. जमल्यास नंतरही आत घेऊ नका.

पुढच्या अंकी, पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना येणारा कुबट वास कसा घालवायचा ते पाहू.