टपावरचे पंख

कवितेविषयी लिहिताना आपण मराठी समीक्षक 'भरारी' हा शब्द इतक्या सढळ हाताने वापरतो की, त्यामागे एखादी वस्तू, तिचे वजन, तिची लांबी असू शकते याचे भानच उरत नाही. भरारी म्हणजे बंधनातून सुटका, हे समीकरण वर्गात शिकवले जाते आणि उत्तरपत्रिकेतून जसेच्या तसे परत येते. या समीकरणाविषयी आमची तक्रार आहे. ती मांडण्यासाठी आम्ही एका अगदी गद्य गोष्टीकडे वळतो: हँग ग्लायडर गाडीच्या टपावर कसा बांधतात?

कामशेतला पॅराग्लायडिंग पाहिलेल्या वाचकांना पाठीवरच्या पिशवीत मावणारा कापडी पंख आठवेल. हँग ग्लायडर तसा नव्हे. त्याचे कापड अॅल्युमिनियमच्या नळ्यांवर ताणलेले असते. तो छत्रीसारखा मिटतो, परंतु मिटल्यावरही त्याची वळकटी साधारणपणे साडेपाच ते सहा मीटर लांब आणि २५ ते ३५ किलो वजनाची असते. डोंगरावरून उडायचे, तर आधी ही वळकटी रस्त्याने डोंगरावर न्यावी लागते.

हा प्रश्न उड्डाणाइतकाच जुना आहे. जर्मनीच्या ओटो लिलिएनथाल यांनी १८९१ पासून १८९६ मधील अपघाती मृत्यूपर्यंत टेकड्यांवरून शेकडो वेळा हवेत तरंगण्याचे प्रयोग केले. १८९४ मध्ये बर्लिनजवळ त्यांनी स्वतःसाठी एक कृत्रिम टेकडीही उभारली. पण लांबच्या झेपांसाठी त्यांना ऱ्हिनोच्या टेकड्यांकडेच जावे लागे. त्यांच्या यंत्राचे पंख वटवाघळासारखे दुमडता येत. पंख उघडण्याइतकाच ते मिटण्याचाही विचार या माणसाने केला होता. उड्डाणाच्या गौरवकथांत मात्र ही दुमड सहसा येत नाही.

आता टपाकडे येऊ. कॅरियरच्या दोन दांड्यांत जेमतेम मीटरभर अंतर असते आणि वर सहा मीटरची वळकटी. नुसत्या दोन दांड्यांवर ती ठेवली, तर पुढचे-मागचे टोक प्रत्येक खड्ड्यागणिक हेलकावे खाते. म्हणून कोणी पुढच्या बंपरवर तिसरा आधार उभा करतात, तर कोणी टपावर शिडी बांधून तिच्यावर ग्लायडर निजवतात, म्हणजे भार अनेक ठिकाणी वाटला जातो. आधाराच्या प्रत्येक जागी फोमची गादी लागते. बांधायला बारीक दोरी नव्हे, रुंद पट्टा वापरतात. त्याला एखादा पीळ दिला की तो वाऱ्यात फडफडत नाही. काही किलोमीटर गेल्यावर गाडी थांबवून पट्टे पुन्हा तपासायचे असतात. जर्मनीत मागे एक मीटरहून अधिक बाहेर येणाऱ्या ओझ्याला ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचे लाल निशाण लावणे कायद्याने आवश्यक आहे.

यातील खरी परीक्षा पट्टा किती आवळावा ही. सैल राहिला, तर वळकटी सरकते, नळी कापडावर घासत राहते आणि कापड विरते. अति आवळला, तर पातळ भिंतीच्या नळीला पोचा पडतो. असा पोचा किरकोळ दिसतो. परंतु दाब सोसणारी नळी वाकते ती बहुधा अशाच जागी. रस्त्यावर झालेली चूक आकाशात उघडी पडते, आणि तिथे ती दुरुस्त करता येत नाही. म्हणूनच जाणता वैमानिक शिखरावर पोचल्यावर आधी नळ्यांवरून हात फिरवतो, मग वाऱ्याकडे पाहतो.

कोणी म्हणेल, हे झाले कसब. प्रतिभेचा याच्याशी काय संबंध? आमचे उत्तर असे की, आपल्याच समीक्षेने 'बांधणी' हा शब्द कथेसाठी आणि नाटकासाठी स्वीकारलेला आहे. फक्त तो आपण दुय्यम मानतो. आशयाला भरारी आणि रचनेला बांधणी अशी वाटणी करून पहिलीला गुण अधिक देतो. शिथिल बांधणीत आशय घासला जातो, अति आवळलेल्या बांधणीत त्याला पोचे पडतात, आणि दोन्ही दोष वाचनाच्या ऐन उंचीवर कळतात, हे अनुभवूनही आपण ही वाटणी सोडत नाही.

बंधन हे उड्डाणाच्या विरुद्ध आहे, असे आम्हांस वाटत नाही. डोंगरावरून उडणाऱ्याचा दिवस पट्टे आवळण्याने सुरू होतो आणि खाली उतरल्यावर, पंख मिटून, पुन्हा पट्टे आवळण्यानेच संपतो. तेव्हा 'भरारी' हा शब्द शिकवणाऱ्यांनी तो वर्ज्य करावा, असे आमचे म्हणणे नाही. तो वापरताना विद्यार्थ्याला एवढेच विचारावे: या कवीने आपले पंख इथवर आणले कसे?