चिलटाच्या मिशा

माझी भाची दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका संशोधन संस्थेत मेंदूविज्ञानाच्या पीएच.डी.साठी दाखल झाली, तेव्हा घरात पेढे वाटले गेले. आता ही मेंदूची डॉक्टरीण होणार, म्हणून सौभाग्यवतींनी शेजारच्या काकूंची अर्धशिशीसुद्धा तिच्या नावे लावून ठेवली. पुढे उलगडा झाला, की पोरगी काम करते ती पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांवर. त्यांना वास कसा कळतो, एवढ्यावरच!

मी पडलो मराठीचा अध्यापक, एम.ए.वर थांबलेला. म्हटले, “अगं, पाच-सहा वर्षे माशीच्या नाकापायी?”

“मामा, माशीला नाक नसते. ती मिशांनी वास घेते,” असे म्हणून ती तासभर बोलत राहिली. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी, चिलटाच्या मेंदूत १ लाख ३९ हजार. त्या सगळ्यांचा जोडण्यांसह नकाशा २०२४ साली प्रसिद्ध झाला. माणसाचा अजून व्हायचा आहे. कुलाब्याच्या टाटा संस्थेत १९७०च्या दशकात ओबेद सिद्दीकी आणि त्यांच्या विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी वास किंवा चव न कळणारी चिलटे हुडकली. दोष जनुकात होता. तोच धागा धरून हिचे काम चालले आहे. मक्याच्या पिठाची लापशी बाटल्यांत भरायची, दहा दिवसांनी नवी पिढी निघाली की सूक्ष्मदर्शकाखाली नर-मादी निवडायचे, प्रयोग फसला की पुन्हा लापशी. पहिले वर्षभर हाती काही लागले नाही म्हणे.

माझी आई ८१ वर्षांची आहे. तिला अल्झायमर आहे. मला ती कधी कधी ‘भाऊजी’ म्हणते. न राहवून मी विचारले, “यातून आजीसाठी काही निघेल का गं?”

“नाही मामा. आजीसाठी नाही.”

मला राग आला. खोटे बोलायला काय जात होते? थोड्या वेळाने तिनेच विचारले, “आजीचा वास कधी गेला?” या आजारात पुष्कळांची घ्राणशक्ती स्मरणाच्या आधी मंदावते, असे तिचे म्हणणे.

पाच वर्षांपूर्वीची दिवाळी आठवली. लाडवांचे बेसन करपले होते, घरभर वास सुटला होता आणि आई शांतपणे परतत होती. मी तिला पाहुण्यांदेखत बोललो होतो.

यंदा बेसन भाची भाजणार आहे. आईला तिच्याजवळ पाटावर बसवायचे ठरले आहे.