जुन्या गाडीला 'सायलेंट' टायर घेताय? तो आवाज नेमका मोजतात कुठे?

अहिल्यानगर-मनमाड रस्त्याने राहुरी, राहाता करत कोपरगाव गाठलं, की दहा-बारा वर्षं जुनी गाडी सगळ्या बाजूंनी बोलायला लागते. तिथून समृद्धीवर चढलं की हादरे थांबतात, पण काँक्रीटवर टायरची घरघर सुरू होते. नवी गाडी परवडत नाही, मग निदान टायर तरी शांत घेऊ, असं अनेकांना वाटतं.

पैशाच्या बाजूने वेळ बरी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कर सोडून ४,००० रुपयांचा टायर आधी ५,१२० ला पडायचा, त्याच हिशोबाने आता ४,७२० ला. चार टायरमागे १,६०० रुपये वाचले. पक्कं बिल मागितलं की कर किती लावलाय ते कळतं.

आता आवाजाचं. केंद्र सरकारने २०२२ मध्ये एआयएस-१४२ हे मानक टायरना बंधनकारक करायचा निर्णय घेतला. ओल्या रस्त्यावरची पकड, इंधन खाणारा रोलिंग रेझिस्टन्स आणि आवाज, तिन्हींच्या मर्यादा त्यात आहेत. पण गोम अशी, की आवाजाची चाचणी इंजिन बंद करून, ताशी ८० किलोमीटरच्या आसपास, साडेसात मीटरवर माइक ठेवून होते. म्हणजे तो आकडा रस्त्याकडेला उभ्या माणसाच्या कानाचा आहे, गाडीत बसलेल्याच्या नाही. वाहन चाचण्या घेणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था अहिल्यानगरमध्येच आहे, पण तुमच्या गाडीत बसून आवाज मोजायला कुणी येणार नाही.

आत काय ऐकू येतं, ते बऱ्याचदा वेगळ्याच गोष्टींवर ठरतं. टायर वेडेवाकडे झिजलेत का? बुश गेलेत का? वळणावर घरघर कमी-जास्त होत असेल, तर आधी व्हील बेअरिंग तपासायला हवं. हवेचा दाब दरवाजाजवळच्या स्टिकरवर असतो तेवढाच ठेवायचा. टायरच्या कडेवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरली तर गाडी दगडासारखी आपटते. आणि मोठी अलॉय व्हील लावायचा मोह टाळलेला बरा. रबराची कड बारीक झाली की खड्डा थेट पाठीला लागतो.

स्वस्तात मिळणारे सेकंडहँड टायर मात्र घेऊच नयेत. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी जुनं रबर कडक होतं, आवाज वाढतो आणि पावसात पकड सुटते. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली तर टायर कायद्यानेही बाद. समृद्धीवर टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर परिवहन विभागाने तिथे टायर तपासायला सुरुवात केली, ती याच कारणाने. बजेटमध्ये चार नवे टायर बसत नसतील तर दोनच नवे घ्या, पण ते मागच्या चाकांना लावा. ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली तर गाडी गरकन फिरते.